हरणीचा राहिलेला घोट

घोडे माणसाळायच्या आधीची गोष्ट. लोकांचे निरोप पोचवायला माळ तुडवत धावणाऱ्या रायबाने पाण्याचा जुना भोपळ्याचा तुंबा खुंटीला टांगला, कारण धावताना तो कमरेवर आपटायचा. हरणीच्या कातड्याची नवी पिशवी त्याने पाण्याने काठोकाठ भरली आणि पाठीला बांधली.

“पाणी प्यायला वाकलेलं जनावर कुणी मारतं का रे?” तुंबा म्हणाला. “तिचं कातडं नेऊ नकोस.”

रायबा हसला आणि निघाला.

भर उन्हात, माळाच्या मधोमध, त्याने पिशवीचं तोंड सोडलं. शिवण घट्ट होती, थेंबही गळला नव्हता, तरी आत ठणठणाट.

“पाणी कुठं गेलं?” तो ओरडला.

“मी प्यायले,” हातातली पिशवी म्हणाली. “तुझा बाण लागला, तेव्हा घोट राहिला होता. आता तू पळ. मीही अशीच कोरड्या घशाने पळाले होते.”