दोर्कसच्या पंगतीतले गुरुजी

ही गोष्ट फार जुन्या काळची. मुलांनो, ती तुमच्यासाठी आहे आणि तुमच्या शेजारी बसून कान देणाऱ्या मोठ्यांसाठीही.

समुद्रापलीकडच्या एका राज्यात काळ्या माणसांना गुलाम म्हणून राबवलं जाई. त्यांनी अक्षर गिरवणं हासुद्धा गुन्हा होता. पुढे गुलामी संपली, पण गोऱ्यांच्या एकाही शाळेनं त्यांना दारात उभं केलं नाही. तेव्हा त्यांनी आपल्या चर्चच्या तळघरात फळा टांगला. पहिल्या दिवशी बाराजण आले. वर्षभरात तळघर अपुरं पडलं. मग लोकांनी नदीकाठी विटा भाजल्या, भिंती उभ्या केल्या आणि हळूहळू तिथं मोठं महाविद्यालय झालं.

दोर्कस तिथं स्वयंपाक करायची. तिचं बालपण गुलामीत गेलं होतं आणि चाबकाचे वळ अजून पाठीवर होते. सगळे तिला मावशी म्हणत. चर्चचे पाळक महाविद्यालयाचा कारभार पाहत, पण जेवणघरात त्यांचंही काही चालत नसे.

महाविद्यालयात उणीव एकच होती. वरच्या वर्गांना गणित शिकवायला कोणी नव्हतं. पूल बांधायची स्वप्नं पाहणारी मुलं-मुली अर्ध्यावरच अडत.

एका हिवाळ्यात एक गोरा माणूस दाराशी आला. तो दूरदेशीचा नामवंत गणिती होता. तिथल्या राजानं त्याच्या धर्माच्या सगळ्यांना देशाबाहेर काढलं होतं. इथं राजधानीतल्या महाविद्यालयानंही धर्म विचारून त्याला परत पाठवलं होतं.

पाळकांनी सभा बोलावली. बहुतेकांना तो हवा होता. दोर्कस मात्र म्हणाली की अशाच गोऱ्या माणसांचा हुकूम सोडणारा आवाज तिनं अकरा वर्षं ऐकला आहे, तो पुन्हा ऐकायचा नाही. तिला कोणी गप्प केलं नाही. तो माणूसही मान खाली घालून ऐकत राहिला.

मग दोर्कसनंच त्याला विचारलं, "राजधानीतून परत पाठवताना काय म्हणाले तुम्हाला?"

"म्हणाले, तुमच्यासारख्यांना इथं जागा नाही."

दोर्कसच्या लेकीला गोऱ्यांच्या शाळेच्या पायरीवरून उतरवताना हेच शब्द वापरले होते.

"राहू देत," ती शेवटी म्हणाली. "माझा विश्वास बसायला वेळ लागेल, पण राहू देत."

गुरुजी शिकवू लागले. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवायचं नाही असा त्या नगराचा नियम होता, म्हणून त्यांचं ताट खोलीत जाई आणि अर्धं तसंच परत येई. दोर्कस ते दोन महिने पाहत होती. एका दुपारी तिनं त्यांना निरोप धाडला, की आजपासून जेवणघरात सगळ्यांबरोबर बसायचं.

आठवडाभरात नगराचा अधिकारी आला. या माणसाला इथं कोणी बसवलं, असं त्यानं विचारलं. पाळक उठू लागले, तोवर दोर्कस पुढे झाली.

"मी बसवलं. या घरात उपाशी माणूस ताटावर एकटा बसत नाही."

अधिकारी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून बाजारात महाविद्यालयाला पीठ मिळेना. रविवारी पाळकांनी चर्चमध्ये ही गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत अंगणात रताळी आणि मक्याची पोती येऊन पडली. त्या वसंतात मुलांनी रताळी उकडून खाल्ली, भाजून खाल्ली, नाकं मुरडत खाल्ली. गुरुजींनी तर रताळ्याच्या चकत्या करून वर्तुळ शिकवलं. उन्हाळ्यात व्यापाऱ्यांचंच पीठ पडून राहू लागलं, तेव्हा ते आपणहून मागच्या दारानं पीठ हवं का विचारायला आले.

गुरुजी एकोणीस वर्षं तिथं राहिले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी राज्यभर पूल बांधले, आणि एक विद्यार्थिनी तर इतकी तयार झाली की राजधानीच्या महाविद्यालयाला गणित शिकवण्यासाठी तिलाच बोलवावं लागलं. म्हातारपणी दोर्कस दुपारची भांडी उरकली की त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसे. भागाकार तिला आला. अपूर्णांक मात्र शेवटपर्यंत आवडले नाहीत, आणि ते ती गुरुजींना तोंडावर सांगत असे.

बोध असा: ज्यानं बंद दाराचं दुःख सोसलं आहे, त्यानं दार दुसऱ्यासाठी उघडलं, की दोघांचंही भलं होतं.