पांगुळगाड्यावरचे दात

लाकडालाही वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. गोदाक्काच्या माळ्यावर एक जुना पांगुळगाडा होता. तिची चारही पोरं त्याला धरून चालायला शिकली होती आणि दात शिवशिवले की त्याचीच दांडी चावत होती. सुनेने हौसेने नक्षी काढायला तो खाली घेतला.

लाकडावर जाळून नक्षी उठवणारी तापलेली डागणी म्हणाली, "तुझं सोनं करते बघ! आधी रंध्याकडून गुळगुळीत होऊन ये."

"खबरदार!" पांगुळगाडा संतापाने करकरला. "या खाचा पोरांच्या दातांच्या आहेत. ही शेवटची आमच्या गेलेल्या शालूची. तिचं दुसरं काही घरात उरलं नाही!"

"असल्या खडबडीवर कुठे नक्षी उठते?" डागणी फणकारली.

रंधा फिरला. खाचा भुशात गेल्या. मग डागणीने वेल काढली, मोर काढले आणि मधोमध ठसठशीत लिहिलं, 'आठवण'.

गोदाक्काने डोळे मिटून दांडीवरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"छान आहे गं," ती सुनेला म्हणाली. "पण हा कुणाचा? आपला कुठंय?"

पांगुळगाड्याने रागाने तोंड मिटलं ते कायमचं. तेव्हापासून लाकूड कुणाशी बोलत नाही. चुलीत घातलं की तेवढं तडतडतं.