अडसर

एका राज्यात राजाने लढाई जिंकली, म्हणे! कोण म्हणे? राजाच म्हणे. आठशे पोरं मेली, ती काही बोलायला आली नाहीत.

राजाने वेशीवर मेलेल्यांच्या आठवणीचा दगड, मोठा वीरगळ उभारला. वीरगळ नेहमी खालून वर कोरतात: तळाला मरण, मध्ये अप्सरा, माथ्यावर स्वर्ग. पण राजाचा हुकूम सुटला, "स्वर्ग आधी. स्वर्गात मी. तळाला हात लावू नका." येसू पाथरवटिणीने निमूट उलटं काम केलं. तिचाही लेक त्या आठशेंत होता.

वीरगळाला शेंदूर लागला आणि साऱ्या आया, बाप, भाऊ त्या मेलेल्या पोरांची नावं विसरले. येसूला लेकाच्या कपाळावरची खोक आठवे, हसणं आठवे. नाव काही केल्या आठवेना.

वीरगळावर एक साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "उलटं कोरलंस, शाप लागला. तिन्ही थर खालून पुन्हा कोर. एक घाव खोटा पडला, तर नावं कायमची गेली."

"खरं मला काय ठाऊक?"

"मी पाहिलंय. लढाईच्या दिवशी किल्ल्याच्या दरवाजावरच बसले होते."

येसूने छिन्नी उचलली. साळुंकी सांगत गेली, तसा येसूच्या अंगाचा तिळपापड होत गेला. पहिल्या थरात तिने बंद दरवाजा कोरला. तो बाहेरून बडवणारी आठशे पोरं, पाठीमागे शत्रू. दुसऱ्या थरातल्या अप्सरा तिने फोडून टाकल्या. कुठल्या मेल्या अप्सरा? प्रेतं आयांनी पाठीवर वाहून आणली होती! तिथे आया कोरल्या.

तिसऱ्या थराला हात घातला, तोच राजा धावत आला. भालाइतांना म्हणाला, "धरा हिला!" भालाइतांनी भाले खाली ठेवले. त्यांचेही भाऊ त्या दरवाजाबाहेर होते.

"येसू, माझं रूप खोडू नकोस. हवं ते माग."

"माझ्या लेकाचं नाव सांगा, महाराज."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने मान खाली घातली.

"बरं, आठशेंतलं कुठलंही एक सांगा."

राजाला कधी एकही ठाऊक नव्हतं.

येसूने राजाला स्वर्गातच ठेवलं. फक्त त्याच्या हातातली तलवार खोडून तिथे दरवाजाचा अडसर कोरला, त्याने स्वतःच्या हाताने आतून लावलेला. शेवटचा घाव बसला आणि तिच्या तोंडून हाक फुटली, "दौलू! अरे माझ्या दौलू!"

घराघरांतून आया धावत आल्या. आठशे नावं वेशीवर एकेक करून घेतली गेली. भालाइतांनी राजाला हलू दिलं नाही. शेवटचं नाव होईतो तो उन्हात उभा होता.

शाप सुटला. किल्ल्याचा अडसर लोकांनी त्याच दिवशी जाळला, आणि त्या दरवाजाला पुन्हा कधी अडसर बसला नाही.