म्हातारीच्या खाटेखालचा माग

एक होता राजा आणि त्याला थंडी वाजायची. हुं म्हणा रे, हुं म्हटल्याशिवाय माझी गोष्ट पुढं सरकत नाही. हां. तर त्या राजाला भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. शेकोटीला बसून वाजायची, रजयांवर रजया पांघरून वाजायची. त्याचा एकुलता एक मुलगा तापानं गेला होता. त्याच दिवशी ती थंडी त्याच्या हाडांत शिरली, ती काही निघेना.

मग राजाला वाटलं, माझ्या राज्यात चांगलं कापडच कुणी विणत नाही, म्हणून मला ऊब येत नाही. मग त्यानं किल्ल्याच्या पायथ्याशी एक कोठी बांधली. दगडाची, बिनखिडकीची. तिच्यात माग मांडले. घरटी एक विणकर धरून आणला आणि बाहेरून कडी घातली. आत विणता विणता माणसांचे डोळे जायचे, अंग वाळायचं, मग जीव जायचा. जीव गेला की शिपाई पुन्हा त्याच घरी यायचे. आता दुसरं माणूस द्या, म्हणायचे.

एक सुटका होती, बरं का. ज्याच्या घरात स्वतःचा माग असेल त्यानं घरीच विणावं आणि दर अमावस्येला कापडाचं एक ठाण राजाला द्यावं. मोठ्या घरांना काय, त्यांनी ओसरीत माग मांडले. पण माग मांडायचा तर जमिनीत खड्डा खणावा लागतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी खाली पावड्या दाबतो. लहान घरात पाय ठेवायला जागा नाही, तिथं खड्डा कुठं खणणार? लहान घरची माणसं कोठीत गेली.

तर त्या राज्यात भिवरा नावाची एक कोष्टीण होती. तिचा नवरा केरबा कोठीत गेला आणि तिथंच मेला. त्याला बघायलाही कुणी बोलावलं नाही. नुसतं त्याचं धोतर घडी करून घरी आलं. मग शिपाई आले. दारातच उभे राहिले, कारण आत उभं राहायला जागा नव्हती. म्हणाले, "अमावस्येला येतो. माग चालू दिसला तर ठाण घेऊन जाऊ. नाही दिसला तर तुला घेऊन जाऊ." सुताचं गाठोडं दारात टाकून ते निघून गेले.

भिवराचं घर केवढं? एक दार, एक चूल आणि एक खाट, संपलं घर. खाटेवर तिची सासू, धोंडाई. म्हातारीची कंबर मोडली होती. ती खाटेवरून उतरायची नाही, पण तिचं तोंड मात्र गावभर चालायचं. आढ्याला झोळी, झोळीत तान्हं बाळ. आणि एक मुलगी, लाडी, तुझ्याएवढी. भिवरा रोज रात्री चुलीपाशी आडवी व्हायची, ते पाय दुमडूनच.

केरबाचा माग सुटा करून आढ्याला बांधलेला होता. भिवरानं तो खाली उतरवला. मग घरभर बघितलं आणि म्हणाली, "दारापाशी मांडते. उजेड आहे."

तिनं दारापाशी खणायला घेतलं. हातभर खणलं आणि खालून आवाज आला. तेव्हा जमीन बोलायची, बरं का. जमीन म्हणाली, "ही जाण्या-येण्याची वाट आहे. इथं बसशील तर घरातून बाहेर गेलेलं परत येणार नाही."

भिवरा म्हणाली, "माझं जायचं ते आधीच गेलंय." आणि खणत राहिली. तिनं माग मांडला, विणायला बसली. उजेड छान, सुताचा धोटा इकडून तिकडं सुळसुळ पळायला लागला. मग घरातली एकुलती शेळी बाहेर चरायला गेली, ती आलीच नाही. मग कोंबड्या गेल्या, त्याही आल्या नाहीत. भिवराला वाटलं, कोल्ह्यानं नेल्या असतील. मग लाडीनं घागर उचलली. "आई, पाणी आणते," म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला.

भिवरानं धोटा टाकला आणि पोरीचा परकर मागून घट्ट धरला. लाडी म्हणाली, "आई, सोड, फाटेल." भिवरानं तिला ओढून आत घेतलं. मग माग मोडला, खड्डा बुजवला, वर पाय आपटून आपटून माती दाबली. तेवढं झाल्यावरच तिनं पोरीचा परकर सोडला.

शेळी गेली ती गेलीच. घरात दूध नाही.

मग भिवरा म्हणाली, "चुलीपाशी मांडते. ऊब आहे, बोटं आखडणार नाहीत."

तिथं खणलं तर पुन्हा आवाज. "ही खाण्याची जागा आहे. इथं बसशील तर तुमच्याबरोबर मीही जेवीन."

भिवरा म्हणाली, "जेव बाई. घोटभर पेज तुलाही वाढीन." तिला वाटलं, जमीन खाऊन खाऊन किती खाणार?

पण जमिनीची भूक म्हणजे काय असते, पोरांनो! भिवरानं भांडंभर पेज रांधली. लाडीनं खाल्ली, म्हातारीनं खाल्ली, भांडं रिकामं झालं आणि पोटं जशीच्या तशी. कापड मात्र झरझर वाढत होतं, जाड, गुबगुबीत. दुसऱ्या दिवशी दुप्पट रांधलं, तरी तेच. बाळ अंगावर प्यायचं आणि रडायचं, प्यायचं आणि रडायचं. मग त्यानं रडणं सोडलं. म्हातारी खाटेवरून ओरडली, "भिवरे, पोर गप्प का आहे गं?" भिवरानं वळून बघितलं. बाळ टक्क डोळ्यांनी बघत होतं आणि लाडी कोपऱ्यात बसून भिंतीची माती चाटत होती.

भिवरानं विळी घेतली. विणलेलं कापड उभं चिरून मागावरून काढलं आणि चुलीत घातलं. खड्डा बुजवला. मग शेजारून पसाभर पीठ मागून आणलं, त्याची आंबील केली. बाळाला बोटानं चाटवली. बाळ रडलं. रडलं तेव्हा भिवरा खाली बसली आणि तीही रडली.

आता उरली एकच जागा. कुठली? हो, म्हातारीच्या खाटेखालची.

अमावस्या जवळ आली होती. भिवरा खाटेकडे बघेना. धोंडाईच म्हणाली, "माझ्या खाटेखाली बघ की. मला हलव. ठेव कुठंही."

"कुठं ठेवू, आत्याबाई? दारात ठेवू? चुलीवर ठेवू?"

"बाहेर ठेव. परसात."

"हिवात? मी नाही ठेवायची. असलं बोलू नका."

"तू ना, पहिल्या दिवसापासून हट्टी," म्हातारी म्हणाली. त्या दोघींचं काही फार गोडीगुलाबीचं नव्हतं, बरं का. मिठावरून भांडायच्या, सरपणावरून भांडायच्या. पण केरबा गेल्यापासून दोघी एकाच ताटात जेवायच्या.

शेवटी भिवरानं म्हातारीला उचलून चुलीपाशी गोधडीवर ठेवलं. खाट भिंतीला उभी केली. आणि त्या कोपऱ्यात खणायला लागली. हातभर खणलं आणि आला आवाज. ह्या वेळी अगदी हळू, झोपाळू.

"ही निजण्याची जागा आहे. इथं जो पहिला बसेल, तो पुन्हा उठणार नाही. त्याच्यामागून कुणीही बसा, कुणीही उठा. पण पहिला माझा."

भिवरा खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. मग तिनं खड्डा पुरता खणला, गुळगुळीत केला, माग मांडला, उरलेलं सूत ओवलं. सगळं केलं, फक्त आत बसली नाही.

तिनं मनाशी ठरवलं. कोठीत गेले तर मरेन आणि पोरं दिसणार नाहीत. इथं बसले तर उठता येणार नाही, पण पोरं डोळ्यांसमोर राहतील. लाडी भांड्यानं पाणी देईल. बाळ रांगत माझ्यापाशी येईल. एवढं पुरे.

मग ती म्हणाली, "आत्याबाई, मी जरा ओढ्यावर जाऊन येते."

"आत्ता कशाला?"

"पाय धुऊन येते."

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "जा. सावकाश ये."

भिवरा ओढ्यावर गेली. आयुष्यभर पाणी आणायला धावत गेलेली बाई, आज सावकाश चालली. वाळूत पाय रुतवून बघितले. पाण्यात उभी राहिली. आंब्याला हात लावून ओढ्याचा काठ चढली, पुन्हा उतरली, पुन्हा चढली. एक बाई म्हणाली, "काय गं, वेड लागलं का?" भिवरा म्हणाली, "नाही, चालून बघतेय." मग तिनं पाय धुतले आणि घरी आली.

दाराशी आली तर आतून आवाज येत होता. खट् खट्. खट् खट्. मागाचा.

आत जाऊन बघते तर धोंडाई खड्ड्यात बसलेली. चुलीपासून कोपऱ्यापर्यंत सगळ्या जमिनीवर तिच्या ओढत गेल्याच्या रेघा. कोपरं सोललेली, लुगडं मातीनं भरलेलं. आणि म्हातारी धोटा फेकत होती. कंबर मोडली म्हणून काय झालं, पाय पावड्यांवर चालत होते.

"आत्याबाई, हे काय केलंत?" भिवरा ओरडली. "जमीन काय म्हणाली ऐकलं नाही का?"

"ऐकलं की. बहिरी नाही मी," धोंडाई म्हणाली. "बसेल तो उठणार नाही म्हणाली. किती वर्षं झाली मला उठून? माझं ती काय नेणार? लाडे, तो सुताचा गुंडा इकडं दे."

भिवरा खाली बसली. तिनं म्हातारीच्या सोललेल्या कोपरांना हळद लावली.  

अमावस्येला शिपाई आले. माग चालू होता. ठाण घेऊन गेले.

मग काय झालं, राजानं ते कापड पांघरलं आणि त्याचं अंग थोडं ढिलं पडलं. कापड साधंच, जाडंभरडं. राजा म्हणाला, "हे कुणी विणलं?" आणि तो स्वतः निघाला. भिवराच्या दारात घोडा थांबला. राजाला वाकून आत यावं लागलं. आत बसायला जागा नव्हती, म्हणून तो खड्ड्याच्या काठावरच बसला. शिपाई दारात दाटीनं उभे राहिले. भिवरा दोन्ही पोरांना घेऊन चुलीपाशी भिंतीला टेकली.

राजा म्हणाला, "म्हातारे, ह्या कापडात तू काय घातलंस?"

धोंडाई धोटा फेकतच म्हणाली, "सूत. तुझंच सूत. माझा लेक तुझ्या कोठीत मेला. विणताना मी त्याला हाका मारते. केरबा, ये रे, जेवलास का रे, असं काहीबाही. दुसरं काय घालणार?"

भिवराला वाटलं, आता शिपाई म्हातारीला ओढून काढणार. पण राजा मागाकडेच बघत होता.

मग धोंडाईनं माग थांबवला. "तुझाही लेक गेला म्हणतात. काय नाव होतं त्याचं?"

दारातले शिपाई दचकले. राजवाड्यात ते नाव घ्यायला बंदी होती. मुलगा गेला त्या दिवसापासून कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं, राजानंही नाही. राजानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. त्याचे दात वाजत होते.

"घे की," धोंडाई म्हणाली. "इथं कोण ऐकतंय? चार भिंती."

"शशिधर," राजा म्हणाला. अगदी हळू. मग पुन्हा म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला आणि तिथंच मातीत तोंड घालून इतका रडला की बाहेरचा घोडा बिथरला. धोंडाईनं पुन्हा विणायला सुरुवात केली. तिनं त्याला गप्प हो म्हटलं नाही आणि त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला नाही. तिचा लेक त्यानंच नेला होता ना.

दुसऱ्या दिवशी कोठीची कडी निघाली. जिवंत होते ते बाहेर आले. उजेडात त्यांना दिसेना, म्हणून एकमेकांचे हात धरून आपापल्या गावी गेले. मेले होते ते काही आले नाहीत. राजाची थंडी गेली का? थोडी गेली. सगळी नाही गेली. ती तशी जातही नाही.

धोंडाई मात्र त्या खड्ड्यातच राहिली. तिथंच जेवायची, तिथंच मागाला टेकून निजायची, तिथूनच भिवराला ओरडायची. पाऊस पडून गेला, हिवाळा आला, पुन्हा ऊन तापलं. एके दिवशी दुपारी ती लाडीच्या परकराचं कापड विणत होती. भिवरा भाकरी थापत होती. धोटा पलीकडे गेला, तो अलीकडे आलाच नाही. भिवरानं वळून बघितलं. म्हातारीचं डोकं मागावर टेकलं होतं.

जमीन म्हणाली होती तसंच झालं. ती उठली नाही. तिला चार माणसांनी उचललं.

त्यानंतर भिवरा त्या जागी बसायला धजेना. बरेच दिवस माग नुसताच राहिला. मग घरातलं पीठ संपत आलं. मग एका सकाळी तिनं पदर खोचला आणि खड्ड्यात पाय सोडले. आत ऊब होती, माणूस नुकतंच उठून गेल्यासारखी. भिवरानं धोटा घेतला आणि परकराचं कापड पुरं केलं. मग दोन्ही हात काठावर टेकले, डोळे मिटले आणि उठून बघितलं.

उठली.

मग ती रोज बसायची, रोज उठायची. बाळ पळायला लागलं, मग बोलायला लागलं. लाडी विणायला शिकली. घरात जागा तेवढीच राहिली, पण रोज भाकरी होती, आणि रात्री सगळे जण पोटभर जेवून मागाभोवती पाय पसरून निजायचे. ती सगळी निजली सुखानं, तुम्हीही निजा. सरक रे थोडा, तिला पांघरूण पुरत नाहीये. हां. मिटा डोळे आता.