मगदुमांचं पेव

"...मग घेऊ का नको त्याला घरात? एवढंच सांगा, आक्का. बाकीचं माझं मी बघतो."

गुरुपाद मगदूम प्रश्न असा टाकायचा, की उत्तरही त्याच्याच सोयीचं मिळावं. हळदीचा मोठा व्यापारी. त्यानं भाव बोलायचा आणि पेठेनं मान डोलवायची. मान न डोलवणारं माणूस एकच होतं, नदीच्या संगमावर मठी करून राहणाऱ्या म्हाताऱ्या आक्का. म्हणूनच तो त्यांचा शिष्य झाला असावा.

आक्का शेंगा फोडत होत्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"स्वयंपाकाला बाई ठेवली वाटतं?"

"बाई न्हाई, बाप्या हाय. ग्वाड हात हाय त्याचा. तू बोल."

"सिद्राम उद्या तुरुंगातून सुटतोय. मल्लूला मारलं त्यानं, आक्का."

"भाऊ तुझा."

"मल्लूपण भाऊच होता."

"व्हय रं लेकरा... दोघंबी तुझेच."

गावाला ती गोष्ट तोंडपाठ होती. थोरल्या मगदुमांनी डोळे मिटले आणि वाटणी गुरुपादनं केली. जमिनीत हळद साठवायची खोल कोठारं, पेवं म्हणतात त्यांना. नदीकाठची सगळी चांगली पेवं त्यानं आपल्याकडे ठेवली आणि धाकट्या दोघांना मिळून एक दिलं. मोठं होतं, पण एक. एका म्यानात दोन तलवारी. एका दुपारी त्याच पेवाच्या तोंडाशी सिद्रामनं मल्लूच्या डोक्यात कुदळ घातली.

मल्लू स्मशानात गेला, सिद्राम तुरुंगात, आणि पेव आपसूक गुरुपादकडे आलं.

त्यानं पेवाच्या तोंडावर शिळा ठेवून माती लिंपली. रक्त सांडलेली हळद विकायची नाही, असं म्हणाला. लोकांनी त्याला देवमाणूस ठरवलं. लोकांचं काय, कुणालाही ठरवतात.

ते पेव मठीच्या मागंच होतं, कडुलिंबाखाली. गुरुपाद इतकी वर्षं मठीत यायचा, पण मागच्या अंगाला कधी फिरकला नव्हता.

"घरात पोरंबाळं आहेत," तो म्हणाला. "सुनेला दिवस गेलेत. उद्या त्यानं माझ्याही डोक्यात कुदळ घातली तर?"

आक्कांनी एक शेंग त्याच्या हातावर ठेवली.

"त्या पिशवीत काय आणलंयस?"

गुरुपादचा चेहरा उजळला. त्यानं पिशवीतून चांदीचा लामणदिवा काढला. लांब साखळीचा, वर मोर.

"मठीला. खास घडवून घेतला."

"झ्याक हाय. त्याल घाल त्यात... आन् चल माज्यासंगं."

आक्का उठल्या आणि मागच्या दाराकडे चालू लागल्या. गुरुपाद दारातच थांबला.

"तिकडं कशाला?"

"पेव उघडायचं हाय."

"आक्का, ते राहू द्या."

"शिष्य हाईस का शेठ हाईस? शेठ असलास तर ऱ्हाऊ दे."

तो मागोमाग गेला. खराट्याच्या दांड्यानं माती खरवडली. शिळेला हात लावून बघितला. हलली नाही.

"एकट्याचं काम नाही हे. गडी पाठवून देतो उद्या."

"उद्या कशाला? हाय की गडी." आक्कांनी आतल्या बाजूला हाक दिली, "ए बाबा, तवा उतरीव. बाहीर ये."

स्वयंपाकघरातून एक माणूस बाहेर आला. केस पांढरे, खांदे पडलेले, दोन्ही हातांना पीठ.

गुरुपाद दोन पावलं मागं सरला.

"परवाच सोडलं, अण्णा," सिद्राम म्हणाला. "शिक्षेत सूट मिळाली."

"मग घरी का नाही आलास?"

"आक्कास्नी विचाराय आलो आधी... जाऊ का नको म्हणून."

"काय विचारायचं त्यात?"

सिद्राम हाताचं पीठ चोळत राहिला.

"तू मला मारशील, असं वाटायचं."

त्या एका भीतीनं दोघांनाही एकाच म्हातारीच्या दारात आणून बसवलं होतं, आणि म्हातारी शेंगा फोडत होती!

"शिळा उचला," आक्का म्हणाल्या. "भाकऱ्या गार हुत्यात."

दोघांनी दोन बाजूंनी धरली. आधी गुरुपादनं ओढलं तेव्हा सिद्राम तयार नव्हता, मग सिद्रामनं जोर लावला तेव्हा गुरुपादचा हात सुटला. तिसऱ्यांदा जमलं. शिळा सरकली, आणि आतून कोंदट, उबट वास वर आला. दोघांनी तोंडं फिरवली. धंद्यातली माणसं ती.

"सोड दिवा," आक्का गुरुपादला म्हणाल्या.

"हा? आक्का, चांदीचा आहे. पडला तर..."

"दिवाच हाय न्हवं?"

त्यानं दिवा पेटवला, साखळीला दोर बांधला आणि हळूहळू खाली सोडला. पुरुषभर गेला नसेल, ज्योत आकसली. निळी झाली... विझली.

"वारा वाईट आहे आत," गुरुपाद म्हणाला. "माणूस उतरला तर मरेल."

"आत हाय काय?"

"हळद."

"हळद तर जखमंला लावत्यात. मग इख कुठनं आलं?"

"बंद राहिल्यानं येतं, आक्का. तुम्हांला काय माहीत नाही का?"

"कुणी केलतं बंद?"

कडुलिंबाची पानं गळत होती. एक पान शिळेवर पडलं, ते गुरुपादनं उगाचच उचललं.

"...मी."

"मग आता?"

"उघडं ठेवायचं. गुरंढोरं पडू नयेत म्हणून तोंडाशी माणूस बसवायचा. वारा बदलला की परत दिवा सोडून बघायचा."

"कोण बसनार?"

"गडी पाठवतो..."

"पेव कुणाचं हाय?"

गुरुपादनं सिद्रामकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"मगदुमांचं."

"मग मगदुमांनी बसायचं."

दोघं पेवाच्या दोन बाजूंना बसले. मध्ये ते उघडं तोंड. गुरुपाद एकदा नुसताच खाकरला.

आक्का आत गेल्या आणि एकच भाकरी घेऊन आल्या. ती गुरुपादच्या हातात दिली.

"एकच?"

"तुमची आई कशी द्यायची रं भाकरी? तुमी तिघं असताना?"

गुरुपाद हसला. आईची आठवण निघाली की तो हसायचाच.

"मोठ्यानं मोडायची. आणि धाकट्यानं आधी उच..."

तो मध्येच थांबला. हसू गेलं.

सिद्राम मान खाली घालून बसला होता.

"मोड," आक्का म्हणाल्या.

गुरुपादनं भाकरी मोडली. सरळ मोडली नाही. एक तुकडा मोठा आला आणि सवयीनं तो त्याच्या उजव्या हातात, छातीजवळ राहिला.

तो त्या तुकड्याकडे बघत राहिला... मग त्यानं दोन्ही हात पेवावरून पुढे केले.

"तू उचल आधी."

सिद्रामनं भीत भीत लहान तुकडा उचलला.

"मोठा घे की, गाढवा!" गुरुपाद ओरडला. आणि ओरडता ओरडताच त्याला रडू फुटलं. एवढा मोठा शेठ, पण लहान पोरासारखा हमसून रडला.

सिद्रामनं लहान तुकडा परत दिला आणि मोठा घेतला. त्याचे परत दोन केले. एक पेवाच्या काठावर ठेवला, दोघांच्या मध्ये, जिथं कुणी बसलेलं नव्हतं.

"मल्लूअण्णाचा," तो म्हणाला.

गुरुपादनं आपल्या तुकड्यातला एक घास मोडून त्याच्या शेजारी ठेवला.

आक्कांनी विझलेला दिवा वर ओढून घेतला, पदरानं पुसला. वात पुढं सारली, पेटवली, आणि दोराचं टोक दोघांच्याही हातात दिलं.

"आता सोडा."