बाळंतखोलीतलं मंत्रिमंडळ

ऐका तर मग. बाभूळबन नावाचं एक राज्य होतं आणि तिथे अस्वलमहाराज निवडून आलेले राजे होते. दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची आणि दर वेळी महाराजच यायचे, कारण मतं मोजणारीही अस्वलंच होती.

या राज्यात शेळ्यांची बाळंतपणं वानरिणी करत. त्या साली वाड्यात क्यू ताप शिरला. शेळ्यांना काही होईना, पण वार-पाण्यातून, तिथल्या धुळीतून तो सुईणीच्या छातीत जाई. म्हातारी सुईण तानाक्का अंथरुणाला खिळली आणि काम आलं तिच्या सुनेकडे, चिमाकडे. चिमा मनातून पार घाबरली होती. घरी दोन पिल्लं होती.

तेवढ्यात करकोच्यांनी परदेशातून लशीच्या वीस कुप्या आणल्या. फर्मान निघालं : ज्यांचा शेळीच्या बाळंतपणाशी प्रत्यक्ष संबंध, त्यांनाच लस.

चिमाला हायसं वाटलं. मंत्र्यांना मात्र ते भारीच लागलं. परदेशी वस्तू आली आणि आपल्याला नाही, असं बाभूळबनात कधी घडलं नव्हतं.

आरोग्यमंत्री कोल्हेसाहेब म्हणाले, "महाराज, संबंध नाही ना? मग जोडून घेऊ!"

नव्या हंगामातलं पहिलं बाळंतपण ढवळी शेळीचं होतं. महाराजांसह वीस जण हारतुरे घेऊन आत घुसले.

"शेळीभगिनींनो, तुमच्या कळा त्या माझ्या कळा!" महाराज गरजले.

"अहो, जरा सरका हो," ढवळी कण्हत म्हणाली, "त्याला बाहेर यायला वाट नाही."

चिमा धावत आली, तर दारात लांडगा उभा.

"पास?"

"अहो, मी सुईण आहे!"

"सुईणींची यादी पूर्ण झालीय. वीस नावं आहेत, तुमचं नाही."

"निदान त्यांना तोंडाला फडकं तरी बांधायला सांगा!"

"फोटोत तोंड दिसायला नको का, बाई?"

आत ओलं करडू या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. महाराजांनी तर फोटोसाठी त्याचा तीनदा मुका घेतला.

तीन आठवड्यांनी घुबड डॉक्टरांनी लशीआधीची चाचणी घेतली. हातावर थेंबभर टोचायचं आणि सात दिवस थांबायचं. गाठ आली तर आजार अंगाला आधीच ठाऊक, मग लस द्यायची नाही. विसाच्या वीस हातांवर लिंबाएवढ्या गाठी आल्या. तोवर निम्मं मंत्रिमंडळ दुलईत कुडकुडत होतं.

बंदोबस्तामुळे बाहेर राहिलेल्या चिमाचा आणि इतर वानरिणींचा हात मात्र साफ होता. पुढची बाळंतपणं अजून महिनाभर लांब होती. डॉक्टरांनी चिमाला आणि उरलेल्या वानरिणींना लस टोचून टाकली. चिमाला इतका आनंद झाला की ती घरापर्यंत झाडांवरूनच गेली.

तानाक्काने लशीचं प्रमाणपत्र डोळ्यांजवळ धरलं. त्यावर महाराजांचा हसरा फोटो होता आणि खाली कुठेतरी चिमाचं नाव.

"म्हणजे, यांनी घेतली होय लस?"

"नाही हो, आत्याबाई. लस मी घेतली. यांनी फोटो दिला."