सातवा रकाना

धुरीबाईंना दोन गोष्टींची धास्ती होती. एक, शाळेच्या वाटेवरचा बिनकठड्याचा साकव, आणि दुसरे, तालुक्याच्या सेवा क्लबचे अध्यक्ष नाबरशेठ. रोज सकाळी ओढ्याच्या काठावर उभं राहून बाई पोरं मोजायच्या. एकविसावं पोर साकव ओलांडून येईपर्यंत त्या तिथून हलायच्या नाहीत. पण कठड्यासाठी क्लबचं अनुदान मागायचं, तर नाबरशेठांपुढे जाणं भाग होतं.

शेठनी अर्ज वाचला आणि सगळ्या कमिटीदेखत टेबलावर टाकला.

"सातवा रकाना कोरा आहे, बाई. आजवर साकवावरून किती पोरं पडली?"

"एकही नाही," बाई कशाबशा म्हणाल्या.

"मग गरज कसली? आमच्या नियमात नुसती भीती चालत नाही, आकडा लागतो. आकडा झाला की या."

कमिटीतलं कुणीतरी हसलं. तरी बाईंनी पिशवीतून शाळेचं हजेरीपुस्तक काढलं आणि शेठपुढे उघडून ठेवलं.

"आकडा लिहायचा तर निदान एक पोर तरी ओढ्याला द्यायला हवं. यात एकवीस नावं आहेत, शेठ. कुठलं द्यायचं, त्यावर तुम्ही बोट ठेवा."

शेठनी टेबलावरचा हात चटकन मागे घेतला. या वेळी कुणी हसलं नाही.

पावसाआधी साकवाला कठडा लागला. क्लबच्या छापील अर्जात आता सहाच रकाने असतात.